आमची राणी इसरू

मंडईच्या जत्रेदिवशी, नाटकाला तास-दीड तास उरला असताना, मी डोंग्याची फट बुजवायची राळ स्वतःच्या तोंडाला फासून घेतली. मला कोणी फसवलं नव्हतं. दुसऱ्याची पेटी उघडून, दुसऱ्याच्या बोळक्यात बोटं घालून, कपाळापासून हनुवटीपर्यंत मीच ती चोपडली. गालांना जरा जास्तच. वरून आरशात पाहून हसलोही. त्या दिवसाचं माझं ते शेवटचं हसणं.

पेटी इसरूची होती.

इसरू म्हणजे आमच्या आरमोरीच्या नाट्यमंडळाची राणी. एरवी तो ढिवर. वैनगंगेच्या घाटावर त्याचा डोंगा, लाकडी होडी. धानाची पोती, बकऱ्या, पोरंबाळं, रुसून माहेरी निघालेल्या बायका, सगळं तो ब्रह्मपुरीच्या अंगाला उतरवून द्यायचा. दिवाळी झाली, धान कापून झालं आणि गावोगाव मंडई भरू लागली, की हाच इसरू लुगडं नेसून, नाकात नथ घालून राणी व्हायचा. बायकांनी नाटकात उतरायची रीत आमच्याकडे अजून आली नव्हती. आमचा चांदा जिल्हा मध्यप्रदेशात होता तेव्हा इसरूच राणी, पुढे जिल्हा मुंबई राज्यात गेला तरी इसरूच राणी. सरकारं बदलली, राणी बदलली नाही.

राजा मी. नाव भैयाजी, धंदा किराणा.

आता माझं दुःख नीट समजून घ्या. आम्ही दोघं एका वर्षाचे, पटकीच्या साथीत जन्मलेले. दोघांचीही पंचेचाळिशी उलटलेली. इसरू दिवसभर उन्हात आणि पाण्यात, मी दिवसभर दुकानाच्या सावलीत. पण चेहरा पाहाल तर त्याचा नुकत्याच सोललेल्या शिंगाड्यासारखा, आणि माझा उन्हाळ्यात आटलेल्या बोडीच्या, शेततळ्याच्या, तळासारखा. भेगाच भेगा. मधे कुठेतरी दोन डोळ्यांचं पाणी शिल्लक, एवढंच.

बरं, तो तोंडाला लावायचा ते माझ्याच दुकानातलं. सफेदा, पिवडी, गेरू, शिंगरफ, चमकायला अभ्रकाची भुकटी. सगळे दगडमातीचेच रंग. पुड्या मी माझ्या हातानं बांधून द्यायचो. तेच रंग मीही लावायचो. माल माझा, रूप त्याचं! असा अन्याय ज्या दुकानदारावर झाला नसेल, त्यानं पुढे वाचलं नाही तरी चालेल.

इसरू चेहऱ्याला जपायचा, हे गावाला ठाऊक होतं. डोंगा वल्हवताना ओला दुपट्टा डोक्यावरून असा ओढून घ्यायचा की फक्त नाकाचा शेंडा दिसावा. संध्याकाळी पलीकडे जाताना ऊन समोरून आलं, तर डोंगा तिरपा घ्यायचा. म्हणजे त्याच्या तोंडावर सावली आणि उतारूंच्या तोंडावर ऊन. लोक म्हणायचे, सगळ्यांचे डोंगे धारेनं चालतात, इसरूचा उन्हाच्या कलानं चालतो. त्याची बायको बुधरी घाटावर मासे विकताना गिऱ्हाइकांना ऐकवायची, "लोक मलेच याची सासू म्हणतात माय! नवरा केला का जावई, मलेच समजत नाई."

बुधरी जळत होती हे ऐकून मला जरा धीर यायचा. जळणारा माणूस एकटा असला की फार थंडी वाजते.

माझ्या घरी मात्र धीर नव्हता. माझी बायको वच्छला, तांदूळ निवडता निवडता, अगदी सहज म्हणावं तसं म्हणायची, "इसरूभाऊ उन्हात राह्यतात, तरी कसे टवटवीत. तुमी सावलीत बसून काऊन सुकले जी?"

"त्याला काळजी नाही," मी म्हणायचो.

"तुमाले कायची हाय? उंदराची?"

मी गूळ तोलत बसायचो.

हे सगळं मी सोसलं असतं. पण आदल्या सालच्या मंडईत एक गोष्ट घडली. आमचं नाटक असं, की राजा रागाच्या भरात राणीला वनात धाडतो आणि शेवटी ती त्याला सापडते. शेवटच्या प्रवेशात मी राणीच्या खांद्यावर हात ठेवला आणि गदगदून म्हणालो, "प्रिये!" सगळा मांडव चिडीचूप. पुढच्या रांगेत बसलेल्या एका म्हातारीनं पदरानं डोळे पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली,

"बरं झालं माय, पोरीले बाप भेटला."

मांडव असा हसला की गॅसबत्त्या हलल्या. इसरूसुद्धा घुंगटात हसत होता. मला त्याच्या खांद्याचा थरथराट हाताला लागत होता.

मंडळाचे अध्यक्ष गुणवंतराव हे एकेकाळचे मालगुजार. मालगुजारी सरकारनं काढून घेतली, अध्यक्षपण घ्यायला विसरलं. नाटक त्यांनीच लिहिलेलं. त्यांनी मला बोलावून घेतलं. शेजारी नवाब बसला होता. नवाब म्हणजे आमचे कपडे शिवणारा तरणा दर्जी. माझ्या राजाच्या अंगरख्याचं माप माझ्या अंगावर घ्यायचा आणि शिवून झाला की आधी स्वतःच्या अंगावर लावून आरशात पाहायचा. गाल असे की माशी बसली तर घसरावी.

गुणवंतराव म्हणाले, "भैयाजी, यंदा पाहून घेऊ. पण लोक पुन्हा हसले, तं पुढच्या साली राजा नवाब. तुमी राणीच्या बापाचं काम करजा. दोन प्रवेश आहेत, रडाचे आहेत. तुमच्या चेहऱ्याले बसतात."

नवाब नम्रपणे खाली पाहत होता. त्याची ती नम्रता मला आजही आवडलेली नाही.

त्या वर्षभरात मी काय काय केलं ते सांगत बसलो तर माझंच दुकान उठेल. मुलतानी माती लावली. ती वाळली तेव्हा भेगांना भेगा पडल्या. बेसन लावलं. दुधावरची साय लावली, तर वच्छलेनं चार दिवस शेजारच्या मांजरीला शिव्या दिल्या आणि पाचव्या दिवशी माझ्या मिशीला साय पाहिली. नागपूरहून स्नोची बाटली आणवली. ती लावून दुकानात बसलो, तर एका गिऱ्हाइकानं हळूच विचारलं, "पिठाचं पोतं फुटलं का जी?" आणि दर तालमीला मुर्दाडशिंगाचा लेप दुप्पट केला. मुर्दाडशिंग हा माझ्या दुकानातला सगळ्यात भारी दगड. उगाळून लावला की चेहरा गुलाबी मारतो आणि पहाटेपर्यंत हलत नाही. तो हलेना म्हणून मी नंतर कपडे धुवायच्या साबणानं आणि राखेनं घासायचो. इसरू मुर्दाडशिंगाला हात लावत नसे. मला वाटायचं, कंजूष आहे.

शेवटी माझी खात्रीच झाली. रंग दोघांचे सारखे, मग फरक त्याच्या पेटीत आहे. ती टिनाची पेटी तो कोणाला उघडू देत नसे. तोंड रंगवायचं तेही भिंतीकडे तोंड करून. गावात बोलवा होती की लाहेरीकडच्या जंगलातल्या कोण्या भुमकानं, गोंडांच्या पुजारी-वैदूनं, त्याला एक मुळी दिली आहे. मी आधी हसलो होतो. आता नुसतं मुळी म्हटलं तरी माझा जीव खालीवर व्हायचा.

तर मंडईचा दिवस. गुणवंतरावांच्या गोठ्यात आमचा रंगपट. बैल बाहेर, आम्ही आत. मी कपडे करून बसलेला, नवाब मांडवात कनाती शिवत होता. घाटावरून बोलावणं आलं म्हणून इसरू घाईनं गेला आणि पेटीचं कुलूप लावायला विसरला.

मी पेटी उघडली. वर रंगाच्या पुड्या, मलमलच्या चिंधीतून गाळून ठेवलेला सफेदा, काजळाची डबी. आणि शेजारी, चिंधीनं तोंड बांधलेलं एक काळं बोळकं, अजून कोमट. चिंधी सोडली. आत मधासारखं दाट काहीतरी. वास घेतला. जंगलाचा वास! म्हटलं, भैयाजी, हीच ती मुळी.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

लावल्यावर थोड्याच वेळात कातडी आवळायला लागली. सुरकुत्या एकेक करून ताणल्या जात होत्या. मला वाटलं, तारुण्य परत येतंय. त्यावर सफेदा आणि गेरू चढवला. तो असा चिकटला की पुसायची सोय नाही. मग मी "प्रिये" म्हणून पाहिलं. तोंड उघडेना. ओठ मधे जेमतेम सुपारीएवढे हलले आणि आवाज आला, "फ्फिय."

तेवढ्यात इसरू आत आला. पेटीकडे पाहिलं, बोळक्यात डोकावला.

"भैयाजी, डोंग्याची राळ कुठी गेली?"

मी बोट गालाकडे नेलं.

इसरू जवळ आला. नखानं माझ्या गालावर टिचकी मारली. टक् असा आवाज झाला.

"अरे बापा! तेलात उकळून आणली होती, नाटक आटपल्यावर फट बुजवाची म्हून." तो मटकन खाली बसला. त्याचे डोळे भरून आले. मला वाटलं, दुःखानं. "आता काई भेव नाई भैयाजी. पुरात पडला तरी तुह्या तोंडात पाणी नाई घुसत."

ओढून काढावी तर कातडी येते. तेल लावून सोडवावी तर वेळ लागतो, आणि बाहेर ढोलकी सुरू झालेली. एवढ्यात गुणवंतराव कंदील घेऊन आत आले. मला पाहून थबकले.

"अरे वा! भैयाजी, हे तं तुमी ओळखूच येऊन नाई राह्यले. पंचवीस वर्षं उतरली!"

मी ताठ बसून राहिलो. दुसरं काही शक्यही नव्हतं.

"बोलत काऊन नाई?"

इसरूनं एक शब्द सांगितला असता तर त्या क्षणी माझा मुकुट नवाबच्या डोक्यावर गेला असता. तो नथ घालता घालता म्हणाला, "राजे रागात आहेत ना मालक. आतापासून भूमिकेत शिरले."

गुणवंतराव खूश होऊन गेले. इसरू माझ्या कानाशी लागला, "तू नुसता उभा राह्य. बाकी मी पाह्यतो."

आणि त्यानं पाहिलं. मी सिंहासनावर बसलो. प्रधानानं विचारलं, "महाराज, काय आज्ञा?" मी गप्प. लगेच राणी पुढे झाली. "महाराज म्हणतात, प्रजेले धान वाटा." टाळ्या. रागाचा प्रवेश आला. तिथे माझं पानभर भाषण; ते मी वर्षानुवर्षं गाजवत आलेलो. राणीनं माझ्या दगडी चेहऱ्याकडे पाहिलं, दोन पावलं मागे सरली आणि हंबरडा फोडला. "असे नका पाहू नाथ! मले समजलं. महाराज म्हणतात, चालती हो! हो जी, चालली. महाराज म्हणतात, मागं वळून पाहू नको! नाई पाहत जी. महाराज म्हणतात, जंगलात वाघ आहे. असू द्या जी, तुमच्यापरस बरा असन!"

बायका ढसढसा रडल्या. स्वतःलाच घराबाहेर काढणारी राणी त्यांनी मांडवात कधी पाहिली नव्हती; घरी पाहिली असेल. शेवटच्या प्रवेशात तिनं माझा हात उचलून स्वतःच्या खांद्यावर ठेवून घेतला, आणि "महाराज म्हणतात, चुकलो" हेही तीच म्हणाली. माझ्या तोंडी असं वाक्य गुणवंतरावांनी लिहिलेलंच नव्हतं.

एकहीजण हसला नाही. मांडवभर एकच बोलणं, "राजा जवान आहे बुवा, पण राणी! वा रे राणी!"

माझं राज्य वाचलं होतं आणि टाळ्या सगळ्या इसरूच्या पदरात पडल्या होत्या. उपकार करणाऱ्याचा हेवा वाटणं यासारखी अडचण नाही. शिवीही देता येत नाही.

सकाळी त्यानं मला घाटावर नेलं. करंजाच्या सावलीत बसवलं आणि दुसरं बोळकं काढलं. हे पेटीत तळाशी होतं, माझ्या नजरेतून सुटलेलं. आत टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल आणि थोडं मेण. ते बोटावर घेऊन तो माझ्या गालावर फिरवत बसला. राळ मऊ होईल तशी मलमलच्या चिंधीनं टिपून घ्यायचा. घाई नाही, ओढाताण नाही.

ओठ सुटल्यावर मी पहिला प्रश्न विचारला, "मुळी कुठाय?"

"कायची मुळी?"

"तुझ्या चेहऱ्याची."

"हे तेल हाय. रंगाच्या आधी लावतो, रंगाच्या नंतर लावतो. तू रंग कायनं काढते?"

"साबणानं. कपड्याच्या. थोडी राख."

त्यानं तेलाचं बोट माझ्या गालावरून उचललं. "तोंड हाय का सतरंजी?" मग चिंधी पिळत म्हणाला, "आन ते मुर्दाडशिंग नोको लावत जाऊ. मह्या बापाचा चेहरा त्यानंच खाल्ला. तो बी राणी व्हायचा. शेवटी शेवटी गाल असे झाले, का घुंगट काढाची सोय नव्हती."

हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "पण इतकं जपायचं कशाला? डोंगा तर चेहऱ्यावर चालत नाही."

"तुले सोपं हाय भैयाजी. राजा म्हातारा झाला तं बाप होते. राणी म्हातारी झाली तं?"

"आई होईल."

"आपल्या नाटकात माय कुठी हाय? गुणवंतरावानं लिहिलीच नाई." तो नदीकडे पाहत होता. "आता म्हणतात, नागपूरहून बायका येऊन राह्यल्या नाटकात. खऱ्या. महे गाल उतरले का त्याच दिवशी मंडळ नागपूरले गाडी धाडते. मग बारा महिने डोंगाच."

ऊन करंजाच्या पानांतून त्याच्या तोंडावर आलं आणि मला दिसलं. डोळ्यांच्या कडेला बारीक रेषांचं जाळं होतं. हनुवटीखाली कातडी सैल झाली होती. रंग, तेल, दुपट्टा, तिरपा डोंगा, सगळ्यांना चुकवून म्हातारपण त्याच्याही घाटाला लागलं होतं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. आणि बरं वाटल्याचं लगेच वाईटही वाटलं; पण बरं आधी वाटलं.

तेवढ्यात गुणवंतराव दातण चावत घाटावर आले. माझा अर्धा गाल राळेचा, अर्धा माझा. त्यांना सगळं समजलं.

"भैयाजी, काल राजा दिसाले बेस होता," ते म्हणाले, "पण बोलाले राणीच लागली. आन दरसाल काय तुमच्या तोंडाले डांबर फासाचं? पुढच्या साली नवाब."

इसरूनं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा तेल लावू लागला. आता बोट जरा जास्तच हळू फिरत होतं.

वर्षभर मी तेल लावलं. साबण सोडला, राख सोडली, मुर्दाडशिंग फळीच्या मागे सारून ठेवलं. दुपारी दुकानाच्या दारात पडदा लावला. वच्छला म्हणाली, "आता चेहरा सुदरला तुमचा. पण बाप झाल्यावर त्याचं काय लोणचं घालाचं?" खरंच सुधरला होता. बोडीला पाणी लागलं होतं, पण धान कापून झाल्यावर.

पुढची मंडई आली. तोच गोठा. नवाब माझा अंगरखा घालून आरशासमोर उभा, आणि फळीमागून कधीतरी नेलेलं माझंच मुर्दाडशिंग गालावर थापत होता. त्याला सांगावं की नाही याचा मी बराच विचार केला. विचार चालू असतानाच इसरूनं त्याच्या हातातून लेप काढून घेतला आणि टोरीच्या तेलाचं बोळकं पुढे केलं. मला त्याचाही राग आला. ते बोळकं शोधायला मी केवढी राळ खाल्ली होती!

मग अडचण अशी उभी राहिली, की मी राणीचा बाप दिसेना. गुणवंतराव कंदील वर धरून म्हणाले, "हा तं भाऊ वाटून राह्यला. याले म्हातारा करा कोणी." आणि माझी राणी, घुंगट मागे सारून, काजळाची काडी घेऊन माझ्यासमोर बसली. कपाळावर एक रेघ, दुसरी रेघ, डोळ्याच्या कडेला पंखा. त्याच्या स्वतःच्या डोळ्याच्या कडेला तोच पंखा सफेद्याखाली दडलेला, मला आता माहीत होता. मागे नवाब "प्रिये, प्रिये" घोकत होता, आणि प्रत्येक "प्रिये" माझ्या काळजाला मिरचीसारखा झोंबत होता.

मला राहवलं नाही. म्हटलं, "इसरू, तो पोरगा काय राजा शोभणार रे! खरं सांग, राजा म्हणून मी कसा होतो?"

त्यानं हनुवटीखालची शेवटची सुरकुती काढली, मान तिरपी करून नीट पाहिलं, आणि म्हणाला,

"तू कवा? राजा तं मीच होतो."